त्वचेवरची लाल रेषा : वायुयुक्त पाण्याच्या स्नानाचा इतिहास

१/ सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने हर्सूलच्या बाजूने औरंगाबादेत भूमिगत नहर आणली. नळांत कोंडलेली हवा निघून जावी म्हणून वाटेत उंच बंब उभारले होते. जवळच दौलताबादच्या किल्ल्यात शाही हमाम होता. तेथे पाणी साधेच असे. अंगाला सुख मिळे ते उष्णतेचे.

२/ परंतु ज्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, ते फारसे गरम नसतानाही त्वचेचा रक्तप्रवाह वाढवते. हा परिणाम उष्णतेचा नाही, वायूचा आहे, हे ओळखण्याची कथा जर्मनीतील बाड नाउहाइम येथे सुरू होते.

३/ तेथे मिठागरासाठी खोदलेले एक छिद्र अपुरे सोडले होते. डिसेंबर १८४६ मध्ये त्यातून फेसाळते, कोमट, खारे पाणी उसळून वर आले. पुढे बेनेके या वैद्याने हृदयरोग्यांना त्यात स्नान देण्यास आरंभ केला. ऑगस्ट आणि थिओडोर शॉट या बंधूंनी स्नानाला मोजक्या व्यायामाची जोड दिली आणि गावाचे नाव जगभर झाले.

४/ स्नान साधारण ३३-३४ अंशांचे असे. अंगावर बारीक बुडबुडे चिकटत आणि काही मिनिटांत पाण्याखालची त्वचा लाल होई. पाण्याबाहेरची मात्र होती तशीच राही. दोहोंमधली रेषा आखल्यासारखी स्पष्ट दिसे.

५/ ही रेषाच खरा पुरावा होती. परिणाम संपूर्ण शरीराचा असता, तर लाली पाण्याच्या पातळीशी थांबली नसती. वायू त्वचेतून थेट आत शिरतो, तेथील आम्लता किंचित वाढवतो आणि सूक्ष्म धमन्या सैल होऊन रुंदावतात. एक हात साध्या पाण्यात व दुसरा वायुयुक्त पाण्यात, दोन्हींचे तापमान सारखे, अशी तुलना केली की भेद उघड होतो. पुढे लेझर डॉप्लर यंत्राने हा वाढलेला प्रवाह मोजताही आला.

६/ आणखी एक गंमत : वायूमुळे त्वचेतील उष्ण-शीत संवेदनाही बदलते. म्हणून हे पाणी असते त्याहून एक-दोन अंश अधिक ऊबदार भासते.

७/ पण त्वचा लाल झाली म्हणजे हृदय बरे झाले, असे नव्हे. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स १९१० मध्ये नाउहाइमला उपचार घेऊन परतले आणि त्याच ऑगस्टमध्ये हृदयविकाराने निधन पावले. निरीक्षण टिकले, त्यावर रचलेला मोठा दावा टिकला नाही.

८/ महाराष्ट्रात वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून राजापूरच्या उन्हाळ्यापर्यंत उष्ण झऱ्यांची रांग आहे. काही कुंडांत बुडबुडेही दिसतात. मात्र कोकणातील या झऱ्यांचा वायू प्रामुख्याने नायट्रोजन असतो. तेथे त्वचा लाल होते ती मुख्यतः उष्णतेने. नाउहाइमचे गुण त्या पाण्याला चिकटवणे ही गफलत ठरेल.

९/ हा भेद केवळ पुस्तकी नाही. मधुमेहाने पाय बधिर झालेल्याला कुंडातली उष्णता जाणवत नाही. लाली शुभचिन्ह मानून तो बसून राहिला, तर पाय भाजतो. उलट, वायुयुक्त स्नानात धोका निराळा : कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने पाण्याच्या पृष्ठभागावर साचतो, म्हणून डोके वर आणि खोली हवेशीर हवी.

१०/ बुडबुडा बंबातला असो, कुंडातला असो वा नाउहाइमच्या टबातला, दिसायला सारखाच. त्यात कोणता वायू आहे, हे विचारल्यावाचून त्याच्या गुणाची ग्वाही देता येत नाही.