खालचा बाण

एप्रिल १९९७. तुम्ही दहा वर्षांचे आहात आणि डहाणूहून तलासरीला निघालेल्या लाल एसटीत खिडकीशी बसला आहात. मांडीवर काकूने भरून दिलेली चिकूंची पिशवी. जिल्हा अजून ठाणेच. पालघर व्हायला सतरा वर्षं आहेत. सुट्टी दोन घरांत वाटलेली: डहाणूत इराणी रोडजवळ काका, तलासरीत नाक्यामागे मामा. दोन्हीकडे टीव्ही, दोन्हीकडे व्हिडिओ गेम. अस्सल निन्टेन्डो नव्हे हं, १९८३ च्या जपानी फॅमिकॉमची नक्कल. मामाने वापीच्या बाजारातून घासाघीस करून आणलेली.

मामेभाऊ टीव्हीमागची अँटेनाची वायर उपटतो, गेमची खुपसतो. कॅसेटवर फुंकर. पडद्यावरच्या मुंग्या विरतात आणि यादी उमटते. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ छापलंय, मोजून पाहिलं तर खेळ आठ-दहाच, पुन्हा पुन्हा तेच. त्यातलाच एक टेट्रिस.

वरून आकार पडतात. प्रत्येकात चार चौकोन, एकूण आकार सात. आठवा का नाही? जेवणं झाल्यावर तुम्ही दोघं मामीच्या चार काडेपेट्या फरशीवर मांडून बसता. कडेला कड जुळवून कशाही जोडल्या तरी फिरवल्यावर त्या सातांपैकीच एक निघतो. मामी चूल पेटवायला काडेपेटी शोधतेय, ती ओरडेपर्यंत हा उद्योग चालतो. मॉस्कोत १९८४ मध्ये अलेक्सी पाजितनोवनेही याच सातांवर खेळ उभा केला होता. त्याच्या इलेक्ट्रॉनिका ६० वर चित्रंच काढता येत नव्हती, म्हणून चौकोन त्याने कंसांच्या खुणांनी रचले.

तलासरीत खालचा बाण दाबला की आकार फिरतो. ‘ए’ दाबलं की धाडकन तळाशी. चार दिवसांत ते बोटांत मुरतं.

मग डहाणू. काकांकडच्या चुलत ताईच्या कॅसेटवर तोच टेट्रिस. तुम्ही ऐटीत खालचा बाण दाबता आणि आकार फिरायचं सोडून भरधाव खाली येतो, नको तिथे आडवा बसतो. फिरवायला इथे ‘ए’ आणि ‘बी’. ताई हसून लोळते. ‘तलासरीला असंच खेळतात वाटतं?’

भांडण रंगतं. दोघांचंही खरं असतं, पण ते सांगणार कोण? मामाकडचा खेळ बुलेटप्रूफ सॉफ्टवेअरचा, जपानात १९८८ मध्ये निघालेला. ताईचा निन्टेन्डोचा, १९८९ चा. ताईच्या कॅसेटवर आणखी एक टेट्रिस निघतो, दोघांनी शेजारी शेजारी खेळायचा. तो टेंजेनचा. अमेरिकेत तो महिनाभर विकला गेला, मग निन्टेन्डोशी हक्कांवरून झालेल्या वादात कोर्टाने विक्री थांबवली. चोरून छापणाऱ्याला कोर्ट काय करणार! मला विचाराल तर तिघांत तोच सरस. निन्टेन्डोच्या खेळात दुसऱ्याने नुसतं बघत बसायचं. इथे ताई आणि तुम्ही एकाच वेळी हरू शकता.

चैत्र पौर्णिमेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा सुरू होते. धूळ, पाळणे, हायवेपर्यंत माणसंच माणसं. एका पथारीवर हातात धरून खेळायचे ब्रिक गेम मांडलेत, त्यांतही टेट्रिसच. दहा चौकोन रुंद, वीस उंच असा करडा पडदा आणि आत पेन्सिल सेल. काका एक घेऊन देतात, दोघांत एक.

रात्री ताईसोबत टेंजेन रंगात आलेला असताना लाइट जाते. गावाच्या कडेला थर्मल वीजकेंद्राची उंच चिमणी उभी आहे; ५०० मेगावॉट, सगळी वीज मुंबईच्या उपनगरांसाठी. कॅसेटला आठवण नसते, त्यामुळे स्कोअरही गेला.

ब्रिक गेमला वीज लागत नाही. मात्र त्याच्या पडद्याला स्वतःचा उजेडही नाही. तुम्ही दोघं ओटीवर कंदिलाशी येता, काच तिरपी धरता. किडे पडद्यावर बसतात आणि आकारांत मिसळतात. डावीकडे एका चौकोनाची खोल भेग राहिलीय. लांब दांडी आली की चार ओळी एकदम. ताई मोजतेय, किती आकार झाले, दांडी नाही.

येते. आडवी. फिरवायची आहे.

तुमचा अंगठा खालच्या बाणावर.

‘तलासरीचं बोट आवर!’ ताई किंचाळते.