शेवटचा प्याला कोणता?

दारूचं नाटक म्हटलं की आपल्याला गडकऱ्यांचा सुधाकर आठवतो. 1919 मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’त त्याला परतीची वाट नाही. पहिला प्याला ओठाला लागला, की शेवट ठरलेलाच. पुढे 1945 मध्ये अमेरिकेत ‘द लॉस्ट वीकेंड’ नावाचा चित्रपट आला. त्याने निराळा प्रश्न विचारला : अशा माणसाला पुन्हा सुरुवात करता येते का?

तोवर हॉलिवूडचा दारुडा बहुधा हसवण्यापुरता असे. दिग्दर्शक बिली वाइल्डरने तो आजारी माणूस म्हणून दाखवला. कथा चार्ल्स जॅक्सन यांच्या 1944च्या कादंबरीची. नायक डॉन लेखक आहे, पण त्याच्या हातून काही लिहून होत नाही. भावाला सापडू नये म्हणून तो बाटली दोरीने खिडकीबाहेर टांगतो. दुसरी छताच्या दिव्यात लपवतो आणि कुठे लपवली तेच विसरतो. शेवटी टाइपरायटर गहाण ठेवायला न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून पाय ओढत फिरतो. पण त्या दिवशी ज्यूंचा योम किप्पूर, गहाणवटीची सगळी दुकानं बंद!

चित्रपटाला चार ऑस्कर मिळाले. 1946 च्या कान महोत्सवातला सर्वोच्च पुरस्कार अकरा चित्रपटांत वाटला गेला. त्यांत हा होता, आणि आपल्या चेतन आनंद यांचा ‘नीचा नगर’ही होता.

शेवटी डॉन हातातली सिगारेट व्हिस्कीच्या पेल्यात टाकतो आणि लिहायला बसायचं ठरवतो. मूळ कादंबरीत असा दिलासा नाही. आणि खुद्द जॅक्सन यांचं काय झालं? 1936 मध्ये त्यांनी दारू सोडली होती. त्या शुद्धीच्या वर्षांतच ही कादंबरी लिहिली. पुढे ते पुन्हा घसरले, पुन्हा सावरले. 1968 मध्ये झोपेच्या गोळ्यांच्या अतिसेवनाने त्यांचा मृत्यू झाला.

मग पडदा खोटा म्हणायचा का? मला तसं वाटत नाही. पडद्याला एक क्षण पुरतो, माणसाला मात्र दुसऱ्या दिवशीची सकाळही काढावी लागते. 1935 मध्ये सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ने हे ओळखलं होतं. जन्मभराची शपथ नको, आजचा दिवस पिऊ नकोस, एवढंच ते सांगतात. पुण्यात अवचट दांपत्याने 1986 मध्ये ‘मुक्तांगण’ सुरू केलं, तेही व्यसनी माणूस गुन्हेगार नसून आजारी आहे, हे मानूनच.

घरातला कुणी सोडून पुन्हा प्यायला लागला, की आपण म्हणतो, ‘झालं, सगळं पाण्यात गेलं.’ पण जॅक्सन यांची ती वर्षं पाण्यात गेली नाहीत. त्यांतून एक पुस्तक उभं राहिलं. घसरलेल्या माणसाला मागच्या चांगल्या दिवसांचा हिशेब आठवून द्यावा. तिथूनच तो पुन्हा मोजायला लागतो.