चौथ्या गटातल्या बायका

आजच्या भागात थोडे आकडे आहेत. घाबरू नका, गणित नाहीये. पण यातला एक आकडा माझ्या डोक्यात जो बसलाय, तो काही केल्या निघत नाही. म्हणून म्हटलं, तुमच्याशी बोलावं.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे ए-बी टेस्टिंग हा रोजचा खेळ. ॲपमधलं बटण हिरवं ठेवायचं की निळं? मीटिंगमध्ये भांडत बसण्यापेक्षा काही लोकांना नवं बटण दाखवायचं, काहींना जुनंच ठेवायचं आणि आठवड्याने बघायचं, कुठे जास्त क्लिक पडले. ज्यांना जुनंच बटण दिसतं, त्यांना आम्ही कंट्रोल ग्रुप म्हणतो. त्या बिचाऱ्यांचं काही बिघडत नाही. त्यांना कळतही नाही.

मध्यंतरी एक शोधनिबंध वाचत होतो. २ एप्रिल २००९ ला अमेरिकेतल्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलेला. त्यात एका तक्त्यात हाच शब्द दिसला. कंट्रोल ग्रुप : ३१,४८८ स्त्रिया. जिल्हा उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव. आणि त्याच तक्त्यात पुढे, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने झालेले मृत्यू : ६४.

आजची गोष्ट या ६४ ची आहे. पण ती कळायची तर आधी शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात जावं लागेल. बार्शीला.

‘बार्शी तिथं सरशी’ असं आपल्याकडे म्हणतात. ज्वारीचा बाजार, भगवंताचं मंदिर, जुनी बार्शी लाइट रेल्वे हे सगळं तुम्ही ऐकलं असेल. पण जगभरातल्या कॅन्सरच्या संशोधकांना बार्शी वेगळ्याच कारणाने माहीत आहे. ते कारण म्हणजे तिथलं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल. अभिनेत्री नर्गिस यांचं १९८१ मध्ये स्वादुपिंडाच्या कॅन्सरने निधन झालं. त्यांच्या नावाचं हे हॉस्पिटल. तालुक्याच्या गावातलं, पण इथे १९८७ साली एक काम सुरू झालं, जे भारतात तोवर कुठल्याच ग्रामीण भागात झालेलं नव्हतं : कॅन्सरच्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवणं.

ऐकायला सोपं वाटतं ना? मुंबईत अशी नोंदणी १९६३ मध्ये डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने सुरू झाली होती. पण शहरात हॉस्पिटलं असतात, लॅब असतात, मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलेलं असतं. नोंदणीवाल्याने तिथे जायचं आणि कागद गोळा करायचे. खेड्यात कागदच नाही, तर गोळा काय करणार? म्हातारी खंगत गेली आणि एक दिवस गेली. कशाने गेली? ‘आजारी होती.’ विषय संपला.

म्हणून बार्शीच्या लोकांनी उलटं केलं. कागद येत नाही ना, मग आपण माणसाकडे जाऊ. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावं घेतली. कार्यकर्ते गावोगाव फिरायचे, लोकांशी बोलायचे, कुणाला गाठ आहे का, कुणाला पाळी गेल्यावरही रक्त जातंय का, कुणाच्या तोंडातली जखम बरी होत नाही का, हे विचारायचे. लक्षणं असलेल्यांची यादी करून त्यांना तपासणीपर्यंत आणायचे. हॉस्पिटलचे डॉ. नेने आणि नोंदणीच्या शास्त्राचा अनुभव असलेल्या डॉ. कस्तुरी जयंत ही यातली दोन मोठी नावं.

या फिरण्यातून दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे इथल्या बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर गर्भाशयमुखाचा होता. दुसरी गोष्ट मला जास्त भारी वाटते. लक्षणांबद्दल सतत बोलत राहिल्यामुळे काही वर्षांत बायका आधीच्या टप्प्यावर दवाखान्यात यायला लागल्या. १९९५ मध्ये यावर शोधनिबंध निघाला. नुसती मोजणी करायला गेलेल्या माणसांनी, ज्याची मोजणी करायची तेच थोडं बदलून टाकलं होतं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गर्भाशयमुखाचा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. एचपीव्ही नावाचा विषाणू तिथे बरीच वर्षं ठाण मांडून बसतो, पेशी हळूहळू बदलतात आणि मग कधीतरी कॅन्सर होतो. मधे अनेक वर्षांची फट असते. त्या फटीत पकडलं तर काही मिनिटांच्या उपचारात काम होतं. युरोप-अमेरिकेत पॅप स्मिअर या तपासणीने हेच साधलं होतं. पण पॅपसाठी प्रशिक्षित माणसं लागतात, लॅब लागते, बाईने परत परत यावं लागतं. एका बाईला आयुष्यात जेमतेम एकदा तपासता येईल अशा ठिकाणी कुठली तपासणी जीव वाचवेल, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

ते शोधायला १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात प्रयोग सुरू झाला. यात तीन संस्था होत्या. फ्रान्समधल्या लियॉंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि बार्शीचं हॉस्पिटल. पैसा गेट्स फाउंडेशनचा. लियॉंचे डॉ. शंकरनारायणन प्रमुख, टाटाकडून डॉ. सुरेंद्र शास्त्री, बार्शीकडून डॉ. नेने. लियॉंकडे संख्याशास्त्र होतं, टाटाकडे पेशी ओळखणारे तज्ज्ञ होते. पण बाईला घरातून तपासणीच्या टेबलापर्यंत यायला जो विश्वास लागतो, तो फक्त बार्शीकडे होता. आणि पुढची आठ वर्षं कोण आजारी पडलं, कोण गेलं, हे मोजायची सवयही बार्शीचीच. ती नोंदणी नसती तर प्रयोग झाला असता, पण निकाल हाती लागला नसता.

३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया. गावांचे ५२ समूह केले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते चार गटांत वाटले. अख्खी गावं का वाटली? कारण एका घरातल्या सुनेची तपासणी आणि शेजारच्या घरातलीची नाही, हे गावात चालणारच नाही. पहिल्या गटाला एचपीव्हीची तपासणी. दुसऱ्याला पॅप. तिसऱ्याला व्हीआयए, म्हणजे गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक ॲसिड लावायचं, साधं व्हिनेगर म्हणा ना, आणि पांढरे डाग दिसतात का ते डोळ्यांनी बघायचं. चौथ्या गटाला नेहमीची सोय. नेहमीची सोय म्हणजे काय, तर तेव्हा जिल्ह्यात अशा तपासणीचा कार्यक्रमच नव्हता.

पहिल्या तीन गटांत ज्यांना बोलावलं त्यातल्या साधारण ८० टक्के बायका तपासणीला आल्या. शेतातली कामं, घरचे, लाज, सगळं बाजूला ठेवून आल्या. शहरात फुकट आरोग्य तपासणीचा मेल आला तर आपण किती जण जातो, जरा आठवा.

आठ वर्षांनंतरचा निकाल असा. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने झालेले मृत्यू : एचपीव्ही गटात ३४, पॅप गटात ५४, व्हीआयए गटात ५६, चौथ्या गटात ६४. चारही गट साधारण सारख्याच आकाराचे, एकतीस ते चौतीस हजारांच्या दरम्यान. म्हणजे आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. बाकी दोन तपासण्यांमुळे मृत्यू नक्की कमी झाले, असं म्हणण्याइतका फरक दिसला नाही. शिवाय जिची एचपीव्ही तपासणी निगेटिव्ह आली, तिला पुढे कॅन्सर होण्याचं प्रमाण वर्षाला लाखात ३.७ होतं. पॅप किंवा व्हीआयए निगेटिव्ह आलेल्यांमध्ये तेच १५.५ आणि १६. थोडक्यात, या तपासणीचा ‘नाही’ बराच भरवशाचा. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही तपासणीलाच पहिली पसंती द्या, असं सगळ्या देशांना सांगितलं. त्यामागच्या भक्कम पुराव्यांत उस्मानाबादच्या बायका आहेत.

एक खुलासा. व्हीआयए अगदीच टाकाऊ असं समजू नका. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटाने दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा ती तपासणी केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तो निकाल २०१३ मध्ये आला. म्हणजे एकदाच बघून भागत नाही, परत परत बघावं लागतं.

आता ते ६४.

अमेरिकेतले डॉ. एरिक सुबा यांनी भारतातल्या या प्रयोगांवर जाहीर आक्षेप घेतला. ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये २०१४ साली यावर वाद झडला. आक्षेप सरळ होता. तपासणीने जीव वाचतात हे पाश्चात्त्य देशांच्या अनुभवातून माहीत असताना, हजारो बायकांना तपासणीविना ठेवून त्यांचे मृत्यू मोजत बसणं कितपत योग्य? आणि ‘तुम्हाला तपासणी मिळणार नाही’ हे त्या बायकांना नीट समजलं होतं का?

संशोधकांची बाजूही ऐकायला हवी. त्यांचं म्हणणं, भारतात तपासणी होतच नव्हती, त्यामुळे चौथ्या गटाकडून काही हिरावून घेतलं नाही. एकदाच केलेली तपासणी अशा ठिकाणी उपयोगी पडते का, हे खरोखरच माहीत नव्हतं. आणि तुलना नसती तर ‘निम्मे’ हा शब्द कशाच्या निम्मे म्हणून वापरायचा?

मी बरेच दिवस यावर विचार केला. प्रामाणिकपणे सांगतो, इंजिनिअर म्हणून मला दुसरी बाजू पटते. तुलनेशिवाय आकड्याला अर्थ नाही. पण मग त्या ३१,४८८ मध्ये आपली मावशी असती तर, असं मनात आलं की पहिली बाजू पटते. दोन्ही एकदम पटतात, हीच अडचण आहे.

मात्र एक गोष्ट मला पक्की वाटते. चौथ्या गटाने जी किंमत मोजली, तिचं मोल निकाल छापून आला त्या दिवशी ठरलं नाही. निकालाचं पुढे काय केलं, यावर ते ठरतं. आणि इथे आपली मान खाली जाते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारलं, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी कधी झाली का? ‘हो’ म्हणणाऱ्या फक्त १.९ टक्के. सरकारचा २०१६ चा आराखडा आहे, त्यात दर पाच वर्षांनी व्हीआयए करायची असं लिहिलंय. कागदावर. प्रयोग कधीच संपला, पण देशातल्या बहुतेक बायका अजून चौथ्याच गटात आहेत. फरक इतकाच की आता त्यांची मोजणीही कुणी करत नाही.

हे सगळं वाचल्यावर त्या रात्री मी आईला फोन केला. विचारलं, तुझी ही तपासणी कधी झाली का गं? ती म्हणाली, “कसली?” मग जरा थांबून, “काही होतंय का मला, एकदम विचारतोयस ते?” मुलाने आईशी हे बोलणं अवघड जातं, मलाही गेलं. पण पुढच्या आठवड्यात ती आणि काकू दोघी जाऊन आल्या.

तर मंडळी, आजचा होमवर्क तेवढाच. घरात तिशीच्या पुढे जी कुणी असेल, आई, मावशी, वहिनी, ताई, तिला विचारा. लाजत विचारा, मेसेज करून विचारा, हा भाग पाठवून विचारा, पण विचारा.

पुढच्या भागात पुन्हा याच विषाणूची गोष्ट, पण लसीची. २०१० मध्ये भारतातला एक प्रयोग अर्ध्यातच थांबला आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना त्यातून एका डोसबद्दल जगाला काय कळलं, ते ऐकू. तोवर काळजी घ्या. भेटू.