पासपोर्टची खरी मुदत सहा महिने आधीच संपते

मे महिन्याच्या सुट्टीत सिंगापूरला जायचा बेत ठरतो. तिकिटे निघतात, हॉटेलचे पैसे भरले जातात, बॅगाही बांधून होतात. विमानतळावर मात्र विमान कंपनीचा कर्मचारी पासपोर्ट पाहतो आणि प्रवास नाकारतो. पासपोर्ट २८ ऑक्टोबरपर्यंत वैध असताना अडचण कसली, असा प्रश्न कुटुंबाला पडतो. अडचण साध्या हिशेबाची असते. १० मे ते २८ ऑक्टोबर हा काळ सहा महिन्यांपेक्षा कमी भरतो आणि सिंगापूरमध्ये प्रवेशासाठी पासपोर्टची किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक असावी लागते.

हा नियम केवळ सिंगापूरचा नाही. संयुक्त अरब अमिराती, मलेशिया, इंडोनेशिया या भारतीय पर्यटकांच्या आवडत्या देशांतही तो लागू आहे. युरोपातील शेंगेन देशांसाठी परतीच्या नियोजित तारखेनंतर किमान तीन महिन्यांची मुदत आणि पासपोर्टमध्ये दोन कोरी पाने आवश्यक असतात. हे नियम त्या त्या देशाचे असल्याने भारतातील पासपोर्ट कार्यालय त्यात सवलत देऊ शकत नाही. अपुऱ्या कागदपत्रांच्या प्रवाशाला नेल्यास विमान कंपनीला दंड होऊ शकतो आणि त्याला परत आणण्याची जबाबदारीही तिच्यावर येते. त्यामुळे ही तपासणी विमानात बसण्यापूर्वीच होते. थोडक्यात, दहा वर्षांचा पासपोर्ट प्रत्यक्षात साडेनऊ वर्षांचाच समजावा.

मुलांचे पासपोर्ट आधी तपासा

सर्वाधिक गफलत होते ती मुलांच्या बाबतीत. प्रौढांचा पासपोर्ट दहा वर्षांसाठी मिळतो; अल्पवयीन मुलांचा मात्र पाच वर्षे किंवा वयाची अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी असेल तोवरच चालतो. १५ ते १८ वयोगटातील मुलांना दहा वर्षांच्या पासपोर्टचा पर्याय आहे. सर्वांचे पासपोर्ट एकाच दिवशी काढले असले, तरी मुलांची मुदत आई-वडिलांच्या कितीतरी आधी संपते आणि ते ऐनवेळी लक्षात येते.

नवी पुस्तिका, नवा क्रमांक

बोलण्यात आपण ‘नूतनीकरण’ म्हणत असलो, तरी दहा वर्षांच्या पासपोर्टची मुदत वाढवून मिळत नाही. अर्ज करावा लागतो तो ‘री-इश्यू’चा, आणि मिळते ती नवी पुस्तिका. तिचा क्रमांकही नवा असतो. जुन्या क्रमांकावर व्हिसाचा अर्ज केला असेल, तर पुढे घोळ होण्याची शक्यता असते. म्हणून आधी पासपोर्ट, नंतर तिकीट व व्हिसा हाच क्रम योग्य.

मुदत संपण्यापूर्वी एक वर्षापर्यंत हा अर्ज करता येतो. जुन्या पासपोर्टचे उरलेले महिने नव्यात मिळवले जात नाहीत, हे खरे. परंतु वाया गेलेल्या तिकिटांच्या तुलनेत हे नुकसान नगण्य आहे. मुदत शिल्लक असूनही पाने संपली किंवा पुस्तिका खराब झाली, तरी री-इश्यूच करावा लागतो. वारंवार परदेशी जाणाऱ्यांनी ६० पानांची पुस्तिका मागावी.

अर्ज कसा करावा?

पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर किंवा ‘एमपासपोर्ट सेवा’ अॅपवर नोंदणी करून अर्ज भरावा, शुल्क भरावे आणि भेटीची वेळ निश्चित करावी. प्रौढांसाठी ३६ पानांच्या पासपोर्टचे शुल्क १५०० रुपये, तर ६० पानांच्या पासपोर्टचे २००० रुपये आहे. अल्पवयीनांसाठी ते १००० रुपये आहे. ‘तत्काळ’ सेवेसाठी २००० रुपये जादा मोजावे लागतात. ठरलेल्या दिवशी पासपोर्ट सेवा केंद्रात मूळ पासपोर्ट आणि त्याच्या पहिल्या व शेवटच्या दोन-दोन पानांच्या स्वसाक्षांकित प्रती न्याव्यात. मुलांच्या अर्जासोबत पालकांच्या संमतीचे परिशिष्ट ‘डी’ लागते.

घर बदलले असल्यास नव्या पत्त्याचा पुरावा आधीच तयार ठेवावा. पोलिस पडताळणीची गरज पडली, तर अर्जदार त्या पत्त्यावर उपलब्ध असणे महत्त्वाचे. पासपोर्ट टपालाने घरी येतो, हेही ध्यानात ठेवावे.

जुना पासपोर्ट रद्द झाल्याचा शिक्का मारून परत दिला जातो. तो टाकून देऊ नये. त्यात अमेरिकेचा वैध व्हिसा असेल, तर तो नव्या पासपोर्टसोबत जुना पासपोर्ट बाळगून वापरता येतो. इतर देशांच्या व्हिसाबाबत संबंधित दूतावासाकडे खात्री करून घ्यावी.

मागे मोजत या

‘तत्काळ’ सेवेवर भिस्त ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. पासपोर्ट लवकर मिळाला, तरी व्हिसा त्याच वेगाने मिळत नाही. शेंगेन व्हिसाच्या अर्जावर साधारण १५ दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. काही प्रकरणांत तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. भेटीची वेळ मिळेपर्यंत जाणारे दिवस वेगळेच.

त्यामुळे प्रवासाच्या तारखेपासून मागे मोजत यावे. पासपोर्टवरील अखेरच्या तारखेतून सहा महिने वजा करून येणारी तारीख दिनदर्शिकेवर नोंदवावी, आणि तिच्याही किमान तीन-चार महिने आधी अर्ज करावा. घरातील प्रत्येकाचा पासपोर्ट आजच कपाटातून काढून ती तारीख पाहण्यास पाच मिनिटे पुरतात.