सेल संपले, पण फोटो?

मागच्या दिवाळीत नाशिकच्या घरी माळा आवरताना बाबांचा कॅमेरा सापडला. कॅनन ईओएस ५००. चालू करून पाहिला, स्क्रीन कोरीच. मागच्या छोट्या खिडकीतून मात्र आत रोल असल्याचं दिसत होतं. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. आई म्हणाली, "उघडून बघ ना." मी दाराच्या खटक्याला बोट लावलं आणि थांबलो. फिल्मवर उजेड पडला की खेळ खलास, एवढं मलाही ठाऊक होतं.

सर्व्हर मध्येच बंद पडला तर डेटा कुठे असेल, हा माझ्या नोकरीतला नेहमीचा प्रश्न. तोच या कॅमेऱ्याबद्दल पडला आणि तीन रात्री वाचत बसलो.

फिल्मच्या कॅमेऱ्याला मुळात विजेची फारशी गरज नव्हती. रोल अंगठ्याने ओढायचा, फोकस बोटांनी फिरवायचा, शटर स्प्रिंगवर चालायचं. निकॉन एफएम२ सारखा कॅमेरा सेल काढून टाकले तरी फोटो काढतो. फक्त उजेड मोजणारा मीटर बंद पडतो. ऑटोफोकस आला आणि हे चित्र बदललं.

१९७७ साली कोनिकाचा सी३५ एएफ आला. मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला हा पहिला ऑटोफोकस कॅमेरा. त्याला दोन पेन्सिल सेल पुरत. त्यातलं हनीवेल कंपनीचं यंत्र दोन आरशांतल्या प्रतिमा ताडून अंतर ओळखायचं. पण लेन्स हलवायची ती स्प्रिंग. रोल पुढे ओढताना तुमचाच अंगठा ती ताणून ठेवायचा. म्हणजे वीज विचार करायला आणि ताकद माणसाची! पुढच्याच वर्षी पोलरॉइडने एसएक्स-७० मध्ये सोनार बसवला. वटवाघळासारखा आवाज सोडून तो अंतर मोजायचा. सेलचा प्रश्न त्यांनी आधीच सोडवला होता : दहा फोटोंच्या प्रत्येक पाकिटातच एक चपटी नवी बॅटरी. फोटो संपले की बॅटरीही फेकून द्यायची.

खरी ओढाताण एसएलआरमध्ये झाली, कारण तिथल्या लेन्स जड. १९८१ च्या पेंटॅक्स एमई एफच्या ऑटोफोकस लेन्सला खाली पोट सुटल्यासारखा फुगवटा होता. मोटर आणि चार बारीक सेल, सगळं त्या लेन्समध्येच. १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० ने मोटर कॅमेऱ्याच्या अंगात घेतली; फिरणाऱ्या दांड्याने ती लेन्स हलवायची. रोल ओढणं, फोकस, मीटर हे सगळं हाताच्या पकडीतल्या चार बारीक सेलवर. कंपनी मोठ्या पेन्सिल सेलची पकड वेगळी विकत असे, यावरून त्या चौघांवर किती ताण येत असेल ते समजतं.

१९८७ मध्ये कॅननने ईओएस ६५० आणला. प्रत्येक लेन्सला तिच्या वजनाला साजेशी स्वतःची मोटर, आणि वीज मात्र कॅमेऱ्यातल्या एकाच २सीआर५ बॅटरीतून. तिच्यात ३ व्होल्टचे दोन लिथियम सेल एकत्र बांधलेले असतात. लिथियम सेल महाग, पण मोटरला लागणारा करंट तो जोरात देतो, थंडीत तग धरतो आणि वर्षानुवर्षं नुसता पडून राहिला तरी फारसा उतरत नाही.

बॅटरी किती चालेल, हे तेव्हाच्या माहितीपुस्तकांत तासांत नाही, रोलमध्ये लिहीत. एक आकडा फ्लॅश न वापरता, एक निम्म्या फोटोंना फ्लॅश वापरून. दुसरा पहिल्यापेक्षा बराच लहान, कारण सगळ्यात खादाड तो फ्लॅश. इथे मला बाबा आठवले. ते कॅमेरा पूर्ण ऑटोवर ठेवतच नसत. पी मोडवर ठेवत, त्यात फ्लॅश आपोआप उघडत नाही. "खिडकीजवळ या, सेल जातात," हे वाक्य माझ्या लहानपणी घरात कायम ऐकू यायचं. या कॅमेऱ्याचे दोन सीआर१२३ए सेल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नसत.

माझ्या प्रश्नाचं उत्तर शेवटी तिसऱ्या रात्री सापडलं. बहुतेक कॅमेऱ्यांत काढलेले फोटो डबीबाहेर जमत जातात आणि रोल संपल्यावर परत डबीत गुंडाळले जातात. मध्येच दार उघडलं तर काढलेलं सगळं जातं. १९९३ चा ईओएस ५०० उलटं करतो. रोल घातला की आधी अख्खी कोरी फिल्म बाहेर ओढून घेतो, आणि प्रत्येक फोटोनंतर एकेक फ्रेम डबीत परत सरकवतो. म्हणजे काढलेला फोटो लगेच अंधारात, सुरक्षित. सेल संपोत, दार उघडो. जाईल ती न काढलेली फिल्म आणि फार तर एखादी फ्रेम. प्रत्येक फोटो काढल्या काढल्या सेव्ह! कुणीतरी इंजिनिअरने 'मध्येच बंद पडलं तर?' हा प्रश्न माझ्या जन्माआधीच विचारून ठेवला होता.

तरी दार उघडलं नाही. नवे सेल मागवले, घातले, रिवाइंडचं बटण दाबलं. मोटर गुरगुरली आणि काही क्षणांत थांबली. म्हणजे बाहेर थोडीच फिल्म उरली होती. बाकीची इतकी वर्षं डबीत शांत बसून होती.

रोल मुंबईला धुवायला दिला. जुन्या फिल्मवर करडं धुकं चढलं होतं, रंग उडाले होते. पण माणसं ओळखू येत होती. आजी, आई, सात-आठ वर्षांचा मी. बाबा एकाही फोटोत नाहीत, कारण कॅमेरा त्यांच्या हातात. आईने सगळे फोटो दोनदा पाहिले आणि म्हणाली, "बघ, सगळे खिडकीजवळचेच."