उंदरावरचं कलम

आजचा भाग उंदरांबद्दल आहे. खरंच.

दिवाळीत निफाडला घरी होतो. मोबाईलवर वाचत होतो, की बाईच्या स्तनातल्या कॅन्सरच्या गाठीचा तुकडा उंदरात वाढवून औषधं तपासतात. आई म्हणाली, "बाईचा आजार उंदराला काय कळणार रे?"

या प्रश्नावर आपल्याकडे एका बाईने आयुष्य घातलंय. डॉ. कमल रणदिवे, जन्म पुण्यात, १९१७ चा. मुंबईत डॉ. खानोलकरांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएचडी केली. मग अमेरिकेत जॉर्ज गे यांच्याकडे पेशी शरीराबाहेर वाढवायला शिकल्या आणि परत येऊन परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली टिश्यू कल्चर लॅब उभी केली. स्तनाच्या कॅन्सरमागे आनुवंशिकता, हार्मोन आणि विषाणू यांचा वाटा किती, हे त्यांनी उंदरांवर अभ्यासलं.

विषाणू कुठून आला? १९३६ मध्ये जॉन बिटनर यांनी कॅन्सर होणाऱ्या वाणाची पिल्लं दुसऱ्या वाणाच्या मादीच्या दुधावर वाढवली, तर गाठी कमी झाल्या. दुधातून जात होता तो विषाणूच निघाला. पण हे उंदरांचं झालं. बाईने अंगावर पाजल्याने उलट तिचा धोका थोडा कमीच होतो. उंदराचं उत्तर जसंच्या तसं माणसाला लावायचं नसतं, ते असं.

मग माणसाचीच गाठ उंदरात रुजवली तर? १९६९ मध्ये डेन्मार्कमध्ये ते जमलं. गाठ मोठ्या आतड्याची होती आणि उंदीर बिनकेसांचा, थायमस ग्रंथी नसलेला. त्यामुळे त्याचं शरीर परकी गाठ झिडकारत नाही. पुढे स्तनाच्या गाठीही अशाच रुजवल्या गेल्या.

निफाडकरांना हे समजायला सोपं आहे. डॉगरिजच्या खुंटावर आपण थॉमसनचं कलम करतो ना, तसंच. खुंट उंदराचा, काडी बाईची. पण प्रत्येक कलम जगत नाही. हार्मोनवर वाढणाऱ्या गाठी तर सहज रुजत नाहीत. गाठीभोवतीचा आधार हळूहळू उंदराच्या पेशींचा होतो. आणि त्या उंदराची प्रतिकारशक्ती अपुरी असल्यामुळे, प्रतिकारशक्ती जागवणारी औषधं त्याच्यावर नीट तपासता येत नाहीत.

आईला म्हटलं, "उंदराला सगळं नाही कळत. कुठलं औषध पुढे तपासण्यासारखं आहे, एवढं तो सांगतो. पण गाठ आधी लागते ती बाईच्याच हाताला. दुखत नाही म्हणून गप्प बसायचं नाही, डॉक्टरला दाखवायचं."

आई पणत्या पुसत होती. थांबली आणि म्हणाली, "काकूला फोन लाव. ती दोन महिने झाले काहीतरी लपवतेय."

फोन लावला. तुम्हीही कुणाला लावायचा असेल, तर आधी तो लावा. पुढचा भाग नंतर ऐका.