छपाईतील भेद आणि संग्रहमूल्य : टी-२०६ बेसबॉल कार्डांच्या संदर्भात

अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉल खेळाडूंची रंगीत चित्रकार्डे वाटली. आज ती 'टी-२०६' या नावाने ओळखली जातात. हे नाव कंपनीचे नव्हे. जेफरसन बर्डिक या संग्राहकाच्या 'अमेरिकन कार्ड कॅटलॉग' या सूचीतून ते रूढ झाले. या कार्डांतील भेद हे मूलतः छपाईच्या क्रमाचे पुरावे आहेत व त्यांचे मूल्यमापन त्याच दृष्टीने व्हावयास हवे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

काही भेद निव्वळ चुकीतून निर्माण झाले. शेरी मॅगी या खेळाडूच्या आडनावाच्या अखेरीस इंग्रजी 'ई' हे अक्षर दोनदा येते. काही कार्डांवर त्याऐवजी 'आय' आणि 'ई' छापले गेले (देवनागरीत हा भेद उमटणारही नाही). असे कार्ड केवळ 'पिडमाँट' सिगारेटच्या जाहिरातीसह आढळते. यावरून चूक लवकरच दुरुस्त झाली असावी. जो डॉईल हा न्यूयॉर्कच्या अमेरिकन लीग संघाचा खेळाडू. परंतु अत्यंत थोड्या कार्डांवर त्याच्या नावाखाली नॅशनल लीगचा उल्लेख आहे. त्याच शहराच्या नॅशनल लीग संघात लॅरी डॉईल खेळत होता, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

याहून बोलका पुरावा रे डेमिट व बिल ओ'हारा यांच्या कार्डांचा होय. हे दोघे १९१० च्या हंगामासाठी न्यूयॉर्कच्या संघांतून सेंट लुईसच्या संघांत गेले. बदललेल्या संघाचा उल्लेख असलेली त्यांची कार्डे फक्त 'पोलर बेअर' या तंबाखूच्या जाहिरातीसह मिळतात. म्हणजेच दर्शनी बाजू व मागील जाहिरात एकत्र वाचली असता छपाईचा काळ ठरविता येतो. नाणेसंशोधक छाप आणि काट दोन्ही पाहतो, त्यातलाच हा प्रकार.

बाजारभाव मात्र या तर्काने चालत नाही. होनस वॅग्नरचे कार्ड छपाईतून लवकर मागे घेतले गेले. आपले चित्र तंबाखूसोबत मुलांच्या हाती जाऊ नये म्हणून त्याने विरोध केला, असे सांगितले जाते. मोबदल्याचा वाद हे दुसरे कारण दिले जाते. २०२२ मध्ये त्याची एक प्रत ७२.५ लाख डॉलरना विकली गेली. संख्येने त्याहून कमी असलेल्या डॉईलच्या सदोष कार्डाला एवढी किंमत आलेली नाही. येथे खेळाडूची कीर्ती वरचढ ठरते.

खरी अडचण पुढे आहे. टी-२०६ चा न कापलेला पूर्ण छपाई-कागद उजेडात आलेला नाही. त्यामुळे कोणते कार्ड कोणाशेजारी छापले गेले, हे वाकड्या कापलेल्या, शेजारच्या कार्डाचा अंश वा दुसरे नाव राहून गेलेल्या प्रतींवरूनच शोधावे लागते. दर्जा ठरविणाऱ्या संस्था मात्र अशा कापणीला दोष मानतात. सरळ कडा व टोकदार कोपरे यांना गुण मिळतात आणि गुणांवर भाव ठरतो. कडा कातरण्याचा मोह यातूनच उत्पन्न होतो. १९९१ मध्ये दर्जांकित झालेले आणि २००७ मध्ये २८ लाख डॉलरना विकले गेलेले प्रसिद्ध वॅग्नर कार्ड आपणच कातरल्याचे लिलावगृहचालक विल्यम मास्ट्रो यांनी २०१३ मध्ये न्यायालयात मान्य केले. त्या कडांवर मूळ कापणीची जी काही खूण असेल, ती आता मिळणार नाही.